एकतिसाचे वेष

गेल्या अंकांत आवर्ती दशांशांची हकीकत देतांना बोलण्याच्या ओघांत मी एक वाक्य लिहून गेलों कीं, ३१ ही मूळ संख्या आहे व ती कोणत्याहि वेषांत मूळच राहते. या वाक्याबद्दल दोन वाचकांचीं पत्रें आलीं आणि एक तक्रार घरांतूनच आली. पत्रें दूरचीं, त्यांस सवडीनें उत्तर देतां येतें. घरांतील तक्रारीस मात्र जेवणाच्या पानावरच तोंड द्यावें लागतें. तक्रार होती माझ्या नातीची. ती कॉलेजांत संगणकशास्त्र शिकते. तिनें विचारलें, "आबा, वेष वेष म्हणतां, पण कोणते वेष तें सांगितलेंच नाहीं तुम्ही. शिवाय वेष बदलून कांहींच बदलत नसेल, तर आम्हांला हे निरनिराळे पाये शिकवतात तरी कशाला?" तिच्या आजीनें "आधीं भात संपव" असें म्हणून प्रश्न तात्पुरता तहकूब केला, परंतु प्रश्न रास्त होता, आणि त्याच्याशीं माझें एक जुनें देणेंहि गुंतलेलें आहे. म्हणून या महिन्याचीं पानें त्यासच वाहिलीं आहेत.

मूळ संख्या म्हणजे काय, हें प्रथम अंक न लिहितां सांगतों. घरांतील एखाद्या मुलास एकतीस चिंचोके द्यावे व सांगावें कीं, यांच्या सारख्या ओळी लाव, एकहि चिंचोका उरतां कामा नये. दोन-दोनांच्या ओळी लावल्या तर एक उरतो. तीन-तीनांच्या लावल्या तरी एक उरतो. चारांच्या लावल्या तर तीन उरतात. पांचांच्या लावल्या कीं पुन्हां एक, सहांच्या लावल्या तरी एक. पोर कंटाळून शेवटीं सर्वांची मिळून एकच लांबलचक ओळ करतें आणि "झालें" म्हणतें. ज्या संख्येची अशी एकच ओळ होते, दुसरी सारखी मांडणी होतच नाहीं, ती मूळ संख्या. या खेळांत कोठें तीनाचा अंक आला नाहीं कीं एकाचा आला नाहीं. आपल्याला कोणी दहांनीं मोजतो आहे कीं बारांनीं, याची चिंचोक्यांना वार्ताहि नसते. तेव्हां मूळपणा हा संख्येचा धर्म आहे, लिपीचा नव्हे, हें माझें विधान येथवर तरी निर्वेध आहे.

आतां लिहिण्याकडे वळूं. आपण ३१ लिहितों तेव्हां तीन दहा आणि वर एक असें म्हणतों. दहा हा येथें पाया. परंतु दहांतच मोजावें अशी कोणाची आज्ञा नाहीं. केळेंवाला एकतीस केळ्यांस दोन डझन सात म्हणेल. म्हणजे बाराच्या पायावर ही संख्या २७ अशी लिहावी लागेल. माझ्या आजोबांची खतावणी अजून आमच्या माळ्यावर आहे. १९५७ च्या एप्रिल महिन्याच्या पहिल्या तारखेस दशमान नाणीं सुरू झालीं, तोंवरचा हिशेब तींत रुपये, आणे व पै यांत आहे. बारा पैंचा आणा आणि सोळा आण्यांचा रुपया. एकतीस पै म्हणजे दोन आणे सात पै, आणि एकतीस आणे म्हणजे एक रुपया पंधरा आणे. या मंडळींनीं 'पाया' हा शब्द या अर्थानें कधीं ऐकला नव्हता. पण बारा आणि सोळा या दोन पायांवर तीं बाजारांतून येतां येतां तोंडीं हिशेब करीत. आज संगणकाच्या पोटांत तोच सोळांचा हिशेब चालतो असें नात म्हणते. आजोबांना हें सांगतां आलें असतें तर त्यांनीं बहुधा "मग त्यांत नवल तें काय?" एवढेंच म्हटलें असतें.

पायांचा उपयोग काय, याचें एक उत्तर आमच्या देवघराजवळच टांगलेलें असतें. तें म्हणजे पंचांग. चांद्रमासाच्या तिथि तीस. पौर्णिमेपर्यंत पंधरा शुद्ध, आणि पुढें अमावास्येपर्यंत पंधरा वद्य. वद्य प्रतिपदेस सोळावी म्हणावें, वद्य द्वितीयेस सतरावी, याप्रमाणें. क्षय आणि वृद्धि यांची कटकट येथें धरावयाची नाहीं. आतां कोणतीहि संख्या घ्यावी आणि ती तीसाच्या पायावर मांडावी, म्हणजे पुरे महिने किती झाले आणि वर कितवी तिथि आली तें पाहावें. वरची तिथि सम असेल, तर संख्याहि सम. कारण तीसहि समच आहे. तिथि तिनाच्या पटींत असेल तर संख्या तिनाच्या पटींत, पांचाच्या पटींत असेल तर पांचाच्या. म्हणजे २, ३ आणि ५ या तीन मूळ संख्या सोडल्या, तर बाकीच्या साऱ्या मूळ संख्यांना आठच तिथि मोकळ्या राहतात: १, ७, ११, १३, १७, १९, २३ आणि २९. पंचांगाच्या भाषेंत सांगावयाचें तर शुद्ध प्रतिपदा, सप्तमी, एकादशी व त्रयोदशी. आणि वद्य द्वितीया, चतुर्थी, अष्टमी व चतुर्दशी. मूळ संख्येस शुद्ध एकादशी घडते, संकष्टी घडते, गोकुळाष्टमीची तिथि घडते, महाशिवरात्रीची घडते. परंतु गणेशचतुर्थीची शुद्ध चतुर्थी, पौर्णिमा किंवा अमावास्या तिच्या नशिबीं कधींच नाहीं. दशमान पद्धतींत आपण फार तर इतकें म्हणूं शकतों कीं, मोठ्या मूळ संख्येचा शेवटचा अंक १, ३, ७ किंवा ९ असतो. दहांपैकीं चार घरें मोकळीं. येथें तीसांपैकीं आठच. चाळणी अधिक बारीक झाली.

या आठांत एक चमत्कार आहे. पहिली तिथि सोडली तर बाकीचे सातहि आंकडे स्वतः मूळ संख्याच आहेत. तीसाहून मोठा कोणताहि पाया घेतला तर ही गोष्ट साधत नाहीं. साठ घटकांचा पाया घेऊन पाहा. त्यांत ४९ मोकळें राहतें, आणि ४९ म्हणजे सात साती. पूर्वजांनीं तिथि तीसच कां ठेवल्या त्याचें कारण अर्थात् चंद्र आहे, मूळ संख्या नव्हेत. तशी जोड लावून मोकळे होणारे लोक आपल्यांत पुष्कळ आहेत, म्हणून मुद्दाम सांगितलें. शिवाय या आठ तिथींवर आलेली प्रत्येक संख्या मूळच असते असेंहि कोणी समजूं नये. ४९ ही दुसऱ्या महिन्याच्या वद्य चतुर्थीसच येते, आणि ती मूळ नाहीं. आपली ३१ मात्र एक महिना पुरा करून दुसऱ्या महिन्याच्या शुद्ध प्रतिपदेस येते. तीसाच्या पायावर तिचा वेष ११.

आतां देण्याची गोष्ट. पस्तीस-एक वर्षांपूर्वीं एका तालुक्याच्या गांवीं मी सातवीस गणित शिकवीत असें. पावसाळ्यांत एकदां संस्कृतचा तास मोकळा मिळाला, तेव्हां मुलांचा वेळ जावा म्हणून मीं त्यांस हाताच्या पांच बोटांवर, म्हणजे पांचाच्या पायावर, मोजण्यास शिकविलें. पांच झाले कीं एक मूठ. पांच मुठी झाल्या कीं एक मोठी मूठ. मुलांना मौज वाटली आणि मला तो तास संपतांच विसर पडला. पुढें तिमाही परीक्षेंत मीं प्रश्न घातला: २१, २५, ३७ व १११ यांपैकीं मूळ संख्या कोणत्या? एका मुलानें ३७ लिहून खालीं आणखी एक ओळ लिहिली होती: "१११ ही पांचाच्या पायावर लिहिली असेल तर मूळ आहे." मीं लाल पेन्सिलीनें ती ओळ खोडली, दोन गुण कापले आणि समासांत "आगाऊपणा" असा शेरा मारला. मुलगा उत्तरपत्रिका घेऊन टेबलाजवळ आला. त्यास कांहीं बोलावयाचें होतें. मीं घड्याळाकडे पाहिलें आणि जागेवर जाण्यास सांगितलें. त्यानंतर वर्षअखेरपर्यंत त्यानें हात वर केला नाहीं. उन्हाळ्यांत त्याच्या वडिलांची बदली झाली आणि तें बिऱ्हाड गांवांतून गेलें.

दहाच्या पायावर १११ म्हणजे तीन गुणिले सदतीस. ती मूळ नाहीं, आणि प्रश्नांत अर्थातच दहाचा पाया गृहीत होता. परंतु मुलानें तें अमान्य केलेंच नव्हतें. त्यानें ३७ बरोबर लिहिली होती, १११ त्या यादींत घातली नव्हती, आणि वर एक अट घालून एक खरें विधान केलें होतें. पांचाच्या पायावर १११ म्हणजे एक पंचवीस, एक पांच आणि एक एक. बेरीज एकतीस. ज्यास मीं आगाऊपणा म्हटलें तें मीं शिकविल्यापैकीं एकच पोरानें लक्षांत ठेवलेलें होतें. हा हिशेब मीं प्रत्यक्ष करून पाहिला तो कित्येक वर्षांनीं, दुसऱ्याच कांहीं कारणानें, आणि तेव्हां मला रात्रीं झोंप लागली नाहीं. ते दोन गुण मी येथें परत देत आहें. घेणारा कोठें आहे, ठाऊक नाहीं.

या १११ च्या वेषाची गंमत आणखी आहे. देवळालीच्या शाळेंत शिक्षक असलेले दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचें नांव ६१७४ या संख्येमुळें जगभर झालें. त्यांनीं १, १२१, १२३२१ या जातीच्या संख्यांस 'डेमलो संख्या' असें नांव दिलें होतें. ज्या रेल्वे स्थानकावर त्यांस ही कल्पना सुचली, त्याचेंच तें नांव. १११ चा वर्ग १२३२१. आतां हा वर्ग दहाच्याच पायावर असा सुरेख येतो असें नाहीं. तिनाहून मोठा कोणताहि पाया घ्या, हातचा राहत नाहीं म्हणून तो तसाच येतो. पांचाच्या पायावर करून पाहा. एकतिसाचा वर्ग ९६१. पांचाच्या पायावर १२३२१ म्हणजे ६२५, दोन सव्वाशें, तीन पंचवीस, दोन पांच आणि एक. बेरीज ९६१ च भरते. स्टेशनावर गाडीची वाट पाहतांना आपण काय करतों, आणि हे गृहस्थ काय करीत होते!

एकतीस दोनाच्या पायावर लिहिली तर ११११ वर आणखी एक एका, म्हणजे ११११११ नव्हे, ११११ आणि १: पांच एके, १११११. सोळा, आठ, चार, दोन, एक. एका संख्येचे दोन निरनिराळ्या पायांवरचे वेष सर्व एक्यांचेच असावे, ही गोष्ट दिसते तितकी सोपी नाहीं. दोन अंकांचा ११ हा वेष जमेस धरावयाचा नाहीं, कारण तो कोणत्याहि संख्येस मिळतो. तिच्याहून एकानें लहान पाया घेतला कीं झालें. एकतिसास तीसाच्या पायावर ११ मिळाले ते असेच फुकटचे. परंतु निदान तीन अंक हवे असें म्हटलें, तर असे दोन वेष असलेल्या दोनच संख्या आजवर सांपडल्या आहेत. एक ३१, आणि दुसरी ८१९१. ही दुसरी दोनाच्या पायावर तेरा एके, आणि नव्वदाच्या पायावर १११: एक्याऐंशीं शें, नव्वद आणि एक. रेने गोर्माघतिग नांवाच्या बेल्जियन इंजिनियरानें १९१७ सालीं असें अनुमान केलें कीं, तिसरी अशी संख्या नाहींच. शतक उलटून गेलें. तिसरी सांपडली नाहीं, आणि नाहीं असेंहि कोणास पुरतें सिद्ध करतां आलें नाहीं. दोन्ही संख्या मूळ आहेत हें वेगळें.

दोनाचा पाया म्हटला कीं संगणकवाल्यांची छाती फुगते. त्यांस माझें नम्र निवेदन आहे कीं, लघु आणि गुरु या दोनच अक्षरजातींवर आमच्या छंदःशास्त्राचा सारा व्यवहार पिंगलाचार्यांपासून चालत आला आहे, आणि पिंगलाचार्य दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वींचे मानले जातात. इतक्या अक्षरांच्या चरणांत लघु-गुरूंच्या किती तऱ्हा संभवतात, त्या ओळीनें मांडणें यास प्रस्तार म्हणतात. ओळीचा क्रमांक सांगितला असतां तिचें रूप काढणें यास नष्ट म्हणतात, आणि रूप दिलें असतां क्रमांक काढणें यास उद्दिष्ट. नष्टाची रीत अशी: क्रमांक सम असेल तर लघु लिहावा व क्रमांकाचें अर्ध करावें, विषम असेल तर गुरु लिहावा, क्रमांकांत एक मिळवावा आणि मग अर्ध करावें, अक्षरें पुरीं होईपर्यंत हेंच चालवावें. नातीस मीं ही रीत सांगितली तेव्हां ती म्हणाली, "आबा, हें तर आमचेंच बायनरी!" मीं म्हटलें, "तुमचें कीं आमचें, तें मागाहून ठरवूं."

तीन अक्षरांचा प्रस्तार मांडला असतां जे आठ गण येतात, ते शाळेंत वृत्तें घोकलेल्या प्रत्येकास ठाऊक आहेत: म, य, र, स, त, ज, भ, न. हा क्रम उगाच नाहीं. प्रस्ताराचाच तो क्रम आहे. मगण सर्व गुरु, नगण सर्व लघु. गुरूस शून्य मानावें, लघूस एक मानावें, आणि डावीकडील पहिलें अक्षर एकं स्थानाचें, पुढचें दोनाचें, त्यापुढचें चाराचें अशी किंमत धरावी. मग म म्हणजे ०, य १, र २, स ३, त ४, ज ५, भ ६ आणि न ७. यांत मूळ संख्या कोणत्या? र, स, ज आणि न. प्रस्तारांत पहिल्या ओळीस एक म्हणतात, आम्ही येथें शून्यापासून मोजलें, म्हणून ओळीचा क्रमांक नेहमीं एकानें जास्त येतो एवढेंच ध्यानांत ठेवावें.

म्हणजे आठ गण हे आठाच्या पायाचे आठ अंकच झाले, आणि गणवृत्त म्हणजे त्या पायावर लिहिलेली एक संख्या! 'मनाचे श्लोक' ज्या वृत्तांत आहेत तें भुजंगप्रयात घ्या. चार यगण, म्हणजे आठाच्या पायावर ११११. एक, आठ, चौसष्ट आणि पांचशें बारा मिळून ५८५. बारा अक्षरांच्या जगती छंदाच्या प्रस्तारांत ४०९६ ओळी असतात, त्यांत भुजंगप्रयाताची ओळ ५८६ वी. ५८५ ही मूळ नाहीं. ती ९ आणि ६५ यांचा गुणाकार आहे. स्रग्विणींत चार रगण, तोटकांत चार सगण. तेव्हां त्या भुजंगप्रयाताच्या अनुक्रमें दुप्पट आणि तिप्पट. त्यांच्या मूळपणाची गोष्टच नको. परंतु तीनच यगण घेतले, तर येतात ७३, आणि ७३ ही मूळ आहे. चार एके असले म्हणजे कोणत्याहि पायावर त्यांचे दोन-दोनांचे गट पडतात आणि संख्या फुटते; तिनाचे तसे गट पडत नाहींत. गट पडत नाहींत म्हणून संख्या मूळ असेलच असें मात्र नव्हे. दहाच्या पायावरची १११ आठवावी.

सर्व अक्षरें लघु असलेली ओळ प्रस्तारांत अगदीं शेवटीं येते. पांच अक्षरांच्या प्रस्तारांत ३२ ओळी. बत्तिसावी ओळ काढूं. बत्तीस सम, लघु. सोळा सम, लघु. आठ, चार, दोन, तसेंच. पांचहि लघु. शून्यापासून मोजलें तर हीच आपली ३१. आतां प्रश्न असा कीं, किती अक्षरांची सर्वलघु ओळ मूळ संख्या देते? अक्षरांची संख्या स्वतः मूळ नसेल तर ओळ फुटते हें वरील गटांवरून कळेलच. चार लघूंचे १५, सहांचे ६३. दोन, तीन, पांच आणि सात अक्षरांच्या ३, ७, ३१ आणि १२७ या चारहि मूळ. येथें मनुष्य फसतो आणि नियम सांपडला असें समजतो. पण अकरा अक्षरांचा त्रिष्टुभ् छंद दगा देतो. अकरा लघूंचे २०४७, आणि २०४७ म्हणजे २३ गुणिले ८९. तेरा अक्षरांच्या अतिजगतींत पुन्हां मूळ संख्या येते, तीच वर सांगितलेली ८१९१. मंदाक्रांता, शिखरिणी व पृथ्वी ज्या सतरा अक्षरांच्या छंदांत पडतात त्याची १३१०७१, आणि शार्दूलविक्रीडिताच्या एकोणीस अक्षरांची ५२४२८७. या दोन्ही मूळ आहेत हें इटालींत कातालदी यानें १५८८ सालीं दाखविलें. एकतीस लघूंची २१४७४८३६४७ ही मूळ असल्याचें ऑयलर यानें १७७२ सालीं सिद्ध केलें. पाहा, एकतीस येथें पुन्हां भेटली. यावेळीं अक्षरांची मोजणी म्हणून.

युरोपांत या संख्यांस मेर्सेन या फ्रेंच साधूचें नांव पडलें आहे. त्यानें १६४४ सालीं अशा किती अक्षरांच्या ओळी मूळ आहेत याची एक यादी प्रसिद्ध केली. तींत ६७ हा आंकडा होता. अडीचशें वर्षें त्या आंकड्यावर लोकांचा विश्वास किंवा संशय चालू राहिला. १८७६ सालीं ल्यूका या फ्रेंच गणितज्ञानें ती संख्या मूळ नाहीं असें दाखविलें. परंतु तिचे अवयव कोणते, तें त्यास सांगतां आलें नाहीं. ही गोष्ट पुष्कळांना चमत्कारिक वाटते. घरांत चोर आहे हें नक्की, पण तो कोण तें ठाऊक नाहीं, अशांतलाच प्रकार. शेवटीं १९०३ सालीं अमेरिकेंत कोल या प्राध्यापकानें ते दोन अवयव मांडले: १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७. आजहि मोठमोठ्या मूळ संख्यांचे शिकारी याच सर्वलघु रानांत फिरतात, कारण येथें मूळपणा तपासण्याची सोपी युक्ति उपलब्ध आहे. २०२४ च्या ऑक्टोबरांत जी जाहीर झाली, ती १३,६२,७९,८४१ लघूंची. दहाच्या पायावर लिहूं गेल्यास तिला ४,१०,२४,३२० अंक लागतात. दोनाच्या पायावर ती पहिलीतल्या मुलालाहि लिहितां येईल, फक्त आयुष्य पुरलें पाहिजे.

नातीच्या दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर अजून राहिलें: वेषानें काय बदलतें? एक एकतिसांश हा अपूर्णांक घ्या. दहाच्या पायावर त्याचे पंधरा अंक फिरून फिरून येतात: ०·०३२२५८०६४५१६१२९, आणि पुन्हां तेच. पांचाच्या पायावर मात्र ०·००४, ००४ असे तीनच अंकांचें आवर्तन. दोनाच्या पायावर पांच अंकांचें. सहाच्या पायावर सहांचें, ०१०५४५. याचे दोन तुकडे करून ०१० आणि ५४५ यांची बेरीज केली तर ५५५ येतात, जसे सातांशाच्या १४२ आणि ८५७ यांचे ९९९ येतात. तिनाच्या किंवा बाराच्या पायावर आवर्तन एकदम तीस अंकांचें होतें. केळेंवाल्यानें या अपूर्णांकाच्या नादीं लागूं नये हें बरें. वेषावेषांत इतका फरक. परंतु हे आंकडे पुन्हां एकदां वाचावे: १५, ३, ५, ६, ३०. प्रत्येकानें ३० ला निःशेष भाग जातो. पाया कोणताहि घ्या, जोंवर तो स्वतः एकतिसाच्या पटींत नाहीं तोंवर आवर्तनाची लांबी ३० ला भागणारीच येणार. संख्या मूळ असली म्हणजे तिच्याहून एकानें कमी असलेली संख्या अशी प्रत्येक वेषाआड उभी असते. हें फर्मा यानें सतराव्या शतकांत ओळखलें. नातीस हें दाखविलें तेव्हां ती बराच वेळ गप्प बसली, मग तिनें कागद ओढला आणि सतराचा पाया घेऊन स्वतःच भागाकार करावयास बसली. तीस अंक आले. दोनदां चुकली, तिसऱ्यांदा आले.

स्थल संपत आलें. वाचकांसाठीं या महिन्याचें कोडें पंचांगांतूनच काढलें आहे. सर्वलघु मूळ संख्या तीसाच्या पायावर मांडून पाहाव्या. ७ अर्थातच शुद्ध सप्तमीस, ३१ प्रतिपदेस, १२७ चार महिने जाऊन पुन्हां सप्तमीस, ८१९१ ही २७३ महिने जाऊन प्रतिपदेस, १३१०७१ प्रतिपदेस, ५२४२८७ सप्तमीस. मोकळ्या तिथि आठ असतां, ३ ही एक सोडून या घराण्यांतील यच्चयावत् संख्या या दोनच तिथि धरून कां बसतात, याचें कारण शोधावें. उत्तर पुढील अंकीं देईन. ज्यांस तें सांपडेल त्यांनीं तें कोणत्या रीतीनें सांपडलें तेंहि लिहावें. रीत माझ्याहून निराळी असली तरी चालेल.